उशीला इस्त्री

हसणार असाल तर हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या खेपेला हा किस्सा सांगितला तेव्हा एका मैत्रिणीच्या पांढऱ्या कुर्त्याचं वाटोळं झालं, आणि वाटोळं करायचा माझा कोटा त्या नोव्हेंबरातच संपलाय.

तर झालं काय, की मी एका उशीला तासभर इस्त्री केली.

अभ्र्याला नाही हो. उशीला!

आता तुम्ही म्हणाल, बाई शिकलेली दिसते, मग हे काय? तेच तर सांगतेय.

आम्ही आयर्लंडमध्ये, गॉलवेत राहतो. ओंकार, म्हणजे माझा नवरा, हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. लग्न मे महिन्यात चिंचवडला झालं. त्याची रजा संपली म्हणून हनिमून पुढे ढकलला. "मी इथलं लायसन्स काढतो, मग तुला गाडीने समुद्राच्या कडेकडेने कॉनेमारापर्यंत नेतो," असं तो विमानात म्हणाला होता. आमच्या संसारातलं ते सगळ्यात लांब वाक्य.

कारण ओंकार बोलत नाही. मीही बोलत नाही. स्थळ बघताना दोन्हीकडच्यांना वाटलं, शांत मुलगा, शांत मुलगी, छान जमेल! जमलं की. इतकं जमलं, की आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज फ्रिजचा.

त्यात इतकी वर्षं इथे राहून त्याने एक शब्द उचललेला. ग्रँड. इथे ग्रँड म्हणजे भव्यबिव्य काही नाही. ग्रँड म्हणजे ठीक, बरं, चालेल, असू दे, पुढचं विचारू नकोस. ऑफिस कसं होतं? ग्रँड. भाजी कशी झालीय? ग्रँड. त्या दिवशी भाजीत मी मीठच घातलं नव्हतं! सांगा, अशा माणसाच्या मनात शिरायचं कुठल्या दाराने? 'मी आवडते का रे तुला' हा प्रश्न कितीदा ओठावर आला आणि मी गिळला. ग्रँड म्हणाला असता तर काय करणार होते मी?

घरात माझं म्हणावं असं एकच ठिकाण होतं. देवघर.

लग्नात आईने दिलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मी हातातल्या बॅगेतून आणले होते. जागा शोधता शोधता वरच्या मजल्यावर, बाथरूमला लागून, भिंतीतलं एक कपाट सापडलं. लाकडी पट्ट्यांच्या फळ्या, कोरडं, स्वच्छ. बाथरूमशेजारी देव? मीही कचरले. पण फोनवरच्या होकायंत्रात दिशा बरोब्बर ईशान्य निघाली. मग काय! कपाटाच्या खालच्या अर्ध्या भागाला वेगळं दार होतं, पण ते जुन्या रंगाने असं चिकटलेलं की उघडेचना. मी त्यावरून खणाचं कापड सोडलं आणि देव मांडले.

आणि तिथे चमत्कार झाला.

खरंच सांगते. अख्ख्या घरात खोबरेल तेलाचा दगड व्हायचा, तूप चमच्याने खणून काढावं लागायचं. पण देवापुढच्या वाटीतलं तूप? पातळ! सकाळी पातळ, संध्याकाळी पातळ. दार उघडलं की मायेची ऊब अंगावर यायची. मी आईला सांगितलं. आईने भिशीत सांगितलं. भिशीतल्या जोशीकाकूंनी तर फोन मागून घेतला आणि म्हणाल्या, "पोरी, तुझ्या हाताला गुण आहे गं!" मी ओंकारलाही वाटी दाखवली. त्याने वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "ग्रँड."

नोव्हेंबर लागला तशी मी बाळकृष्णाला लोकरीची टोपी विणली. थंडी होती ना!

आता ओंकारच्या मानेकडे येते.

त्याची ड्रायव्हिंग टेस्ट शुक्रवारी होती. महिनोन्‌महिने वाट बघून मिळालेली तारीख. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी तो उठला तो मान डावीकडे अडकवूनच. मान उजवीकडे तसूभर वळेना. वळायचं झालं की अख्खा वळायचा, कपाट सरकवतात तसा. आणि इथे गाडी सुरू करताना उजव्या खांद्यावरून मागे बघितलं नाही तर परीक्षक पास करत नाही. नापास झाला असता तर पुन्हा रांग, पुन्हा महिनोन्‌महिने, आणि माझा समुद्र गेला तिकडेच.

"खूप दुखतंय का रे?"

"ग्रँड आहे."

नागपूरहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी स्क्रीनवर तिरका मुलगा बघितला आणि निदान करून टाकलं. "मान आखडली ना त्याची? अगं, उशी उन्हात टाक ना बाप्पा! उशी तापली का मान सुटते."

उपाय माहीत होता. आमच्याकडेही हाच करतात. पण ऊन? गॉलवेत? नोव्हेंबरात? मी उशी छातीशी धरून या खिडकीतून त्या खिडकीत हिंडत होते. शेवटी अंगणात ऊन दिसलं म्हणून धावत गेले, तर ते दारातूनच परत गेलं आणि मागून पाऊस आला. उशी भिजली. मानेला जे काही व्हायचं होतं ते आता सर्दीसकट होणार होतं.

शेजारच्या नोरीनने कुंपणावरून हे सगळं बघितलं. नोरीन सत्तरीची, एकटी राहते, आणि तिच्या नजरेतून आमच्या गल्लीतलं मांजरही सुटत नाही. तिची कंबर एका चिनी डॉक्टरणीच्या सुयांनी सुटली होती म्हणे. तिनेच पत्ता दिला.

बुधवारी संध्याकाळी मी ओंकारला घेऊन गेले. वाटेत तो दोनदा म्हणाला, "ग्रँड आहे गं," पण ते डावीकडच्या भिंतीला, कारण माझ्याकडे वळता येत नव्हतं.

डॉक्टर लिन म्हणजे माझ्या आजीच्या वयाची चिमुकली बाई. आधी ओंकारची जीभ बघितली. मग मनगटावर तीन बोटं ठेवून, डोळे मिटून, कितीतरी वेळ नाडी ऐकत बसल्या, अगदी आमच्याकडच्या वैद्यांसारखी. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. (बोलणं सगळं इंग्रजीत झालं, मी तुम्हाला मराठीत सांगतेय.)

"झोप?"

"ग्रँड," ओंकार म्हणाला.

"पोट?"

"ग्रँड."

"मान?"

"ग्रँड."

डॉक्टर लिननी माझ्याकडे बघितलं. "हा असाच?"

"असाच."

"आणि तू?"

"मी ठीक आहे."

"मग तुमच्या घरात बोलतं कोण?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. म्हणजे मी बघितलं, तो खुर्चीसकट वळला.

मग त्यांनी सुई काढली. केसाएवढी बारीक. आणि टोचली कुठे? हातावर! तर्जनी आणि मधलं बोट, त्यांच्या मधल्या खाचेत, मागच्या बाजूने.

"मान इथे आहे," ओंकार म्हणाला. लग्नानंतर मी ऐकलेली त्याची ही पहिली तक्रार. मला फार बरं वाटलं.

"माहीत आहे मला मान कुठे असते," डॉक्टर लिन म्हणाल्या. "आता हळूहळू मान फिरव."

आणि मान थोडी फिरली हो! तसूभरच, पण फिरली. ओंकारच्या चेहऱ्यावर इंजिनिअरचा मोठा अपमान दिसत होता. नळी इथे तुंबलीय आणि तोटी तिथे उघडली, असं काहीतरी.

डॉक्टर लिन म्हणाल्या, या दुखण्याला चिनी भाषेत 'उशीवरून पडणं' अशा अर्थाचं नाव आहे. मी चमकले. म्हटलं, आमच्याकडेही दोष उशीचाच! आमच्याकडे मान धरली की उशी उन्हात टाकतात. त्यांनी टाळीच वाजवली. "बरोबर! उशी गार, माणूस गार. ऊब पाहिजे!" मला वाटलं, या बाईंना आणि माझ्या सासूबाईंना एका खोलीत बसवलं तर दोघी अर्ध्या जगाची मान सरळ करतील.

मग त्यांनी आतून एक छोटीशी उशी आणली, सुक्या पाल्याने गच्च भरलेली. नाकाशी धरली तर अगदी दवण्याच्या जवळचा वास. "रात्री मानेखाली घे. पण कोमट करून. कशी करायची ते बाहेर ब्रीडा सांगेल."

इथून पुढे लक्ष द्या.

ब्रीडा म्हणजे बाहेरच्या टेबलावरची बाई. गॉलवेची, गोड, आणि बोलणं वाऱ्यासारखं. ओंकार आत बूट घालत होता. वाकता येत नसल्यामुळे तो कार्यक्रम लांबला होता. ब्रीडाने उशी पिशवीत घातली आणि म्हणाली, "गिव्ह इट अॅन अवर इन द हॉट प्रेस, लव्ह, अँड ही विल बी ग्रँड."

त्यातला तो 'इन' मी गाळला. गॉलवेचं इंग्रजी मी तेव्हा निम्मे शब्द गाळूनच ऐकायचे.

आता तुम्हीच सांगा, प्रेस म्हणजे काय? चिंचवडला आमच्या सोसायटीत प्रेसवाले काका यायचे. शर्ट प्रेसला टाकला, साडी प्रेसहून आणली. प्रेस म्हणजे इस्त्री. हॉट प्रेस म्हणजे गरम इस्त्री. यात विचारण्यासारखं काय आहे? एक तास जरा जास्त वाटला. पण चिनी औषध, संयम लागतच असणार.

घरी आल्यावर ओंकार वर जाऊन आडवा झाला. मी जेवणाच्या टेबलावर ब्लँकेटची घडी घातली, वर चादर, चादरीवर उशी, उशीवर ओंकारचा जुना रुमाल. आणि सुरू केलं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. पहिली काही मिनिटं इतकी सुंदर गेली म्हणून सांगू! स्वयंपाकघरभर दवणा दरवळला. मला वाटलं, याला बोलता येत नाही, मला विचारता येत नाही, पण हे तर करता येतंय ना.

मग शंका आली, वाफ द्यायची की नाही? दवाखान्यात फोन लावला. ब्रीडा अजून होती.

"हॉट प्रेस चालू आहे," मी म्हटलं. "वाफ चालेल का?"

"वाफ? छे छे! कोरडंच ठेव."

"दोन्ही बाजूंनी करू?"

"हवं तर मधेच उलटी कर."

"फार गरम नाही ना होणार? हॉट प्रेसने?"

ब्रीडा हसली. "अगं काही होत नाही! माझ्या नातवाची झबली मी रात्र-रात्र हॉट प्रेसला टाकते."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या बाळाचा विचार करत राहिले. रात्रभर इस्त्री! काय कडक घराणं असेल!

पण तिची रात्रभर चालते तर माझा तास काय? मी इस्त्रीचं बटण जरा पुढे सरकवलं.

वास बदलत गेला. आधी दवणा होता, मग धूप झाला, मग होळी. रुमालाचा रंग चहासारखा झाला. मी थांबले का? नाही. तास भरायचा होता! शेवटी उशीची शिवण फट्‌ करून उसवली, पाला टेबलभर पसरला, धुराची एक जाडसर वेणी छताकडे गेली आणि छतावरचा अलार्म बोंबलायला लागला.

तो आवाज तुम्ही ऐकलाय? मेलेला माणूस उठेल. ओंकार उठला. भिंतीला पाठ लावून जिना उतरताना मला दिसला, मान अजून डावीकडे, डोळे उजवीकडे. तेवढ्यात मागच्या दारातून नोरीन आत. तिने इस्त्रीची वायर ओढली, खिडकी उघडली, खुर्चीवर चढून अलार्म बंद केला, आणि मग विचारलं, "काय जळतंय?"

"उशी."

"उशी का जळतेय?"

"हॉट प्रेस," मी इस्त्रीकडे बोट दाखवलं.

नोरीनने इस्त्रीकडे बघितलं. उशीकडे बघितलं. "पोरी, ही इस्त्री आहे."

"हो ना. प्रेस. हॉट."

नोरीन खुर्चीवर बसली. आधी तिचे खांदे हलले, मग टेबल हलायला लागलं. डोळे पुसत पुसत तिने सांगितलं: इथे प्रेस म्हणजे कपाट. साधं कपाट! आणि हॉट प्रेस म्हणजे ते एक गरम कपाट, ज्यात खाली गरम पाण्याची टाकी असते. वरच्या फळ्यांवर टॉवेल, चादरी, पोरांचे कपडे उबेला ठेवायचे. प्रत्येक घरात असतं. "तुमच्याकडेही आहे की! ही सगळी घरं एकाच नकाशाची. चल, दाखवते."

आणि ती जिना चढायला लागली.

मी मागोमाग. वर. डावीकडे. बाथरूमच्या दिशेने.

बाथरूमला लागून. पट्ट्यांच्या फळ्या. कोरडं. उबदार.

"नोरीन!" मी ओरडले. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी कधी ओरडले नसेन. "शूज!"

बिचारीने काही न विचारता बूट काढले. मग दार उघडलं.

आत अन्नपूर्णा. शेजारी बाळकृष्ण, लोकरीच्या टोपीत. पुढे पातळ तुपाची वाटी. नोरीनचा हात आपोआप छातीवर गेला, तिने क्रूसाची खूण केली. मग हळूच म्हणाली, "या अख्ख्या घरात हेच काय ते शहाणे. सगळ्यात चांगली जागा धरून बसलेत." आणि जाता जाता, "पण त्या लहानग्याची टोपी तेवढी काढ गं. उकडून निघेल तो."

मागून एक विचित्र आवाज आला. मी घाबरून वळले. ओंकार हसत होता. मान धरून, "आई गं, आई गं" करत, भिंतीला टेकून हसत होता. मी त्याला असं हसताना पहिल्यांदाच बघत होते.

नोरीन गेल्यावर आम्ही दोघं त्या उघड्या दारासमोर जमिनीवरच बसलो. घरातली एकमेव उबदार जागा, जाणार कुठे?

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"टाकी आहे हे माहीत होतं."

"आणि प्रेस म्हणजे कपाट?"

"ऑफिसात कप प्रेसमध्येच असतात."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

त्याने वाटीतल्या तुपाकडे बघितलं. "तू आईंना फोनवर चमत्कार सांगत होतीस ना, तेव्हा मी जिन्यात होतो. इथे आल्यापासून तुला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. टाकी म्हटलं असतं तर..." आणि पुढचं वाक्य त्याने सोडून दिलं.

मी बाळकृष्णाची टोपी तेवढी काढली.

"मान कशी आहे?" मग विचारलं.

"ग्र..." तो म्हणाला आणि थांबला. "खरं सांगू? भयंकर दुखतेय. आणि शुक्रवारची भीती वाटतेय. नापास झालो तर तू म्हणशील, याच्याकडून एक समुद्रही होत नाही."

"मी नाही म्हणणार."

"तू काहीच म्हणत नाहीस गं. तीच तर भीती वाटते."

घ्या! म्हणजे इतके महिने दोन्ही बाजूंनी हेच चाललं होतं. एकदा बांध फुटल्यावर मग काय, त्याने सगळंच सांगितलं. वरणात हिंग फार असतो. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. माझे पाय रात्री बर्फासारखे लागतात. एकेक तक्रार मी अशी ऐकत होते, जशी कुणी माझ्यावर कविता वाचतंय.

उरलेला पाला मी नव्या कापडात शिवला आणि उशी देवांच्या खालच्या फळीवर ठेवली. हॉट प्रेसमध्ये. 'इन'! ती कोमट झाली. ओंकारने मानेखाली घेतली आणि गाढ झोपला. गुरुवारी एकदा पुन्हा सुई टोचून घेतली, या वेळी न कुरकुरता. शुक्रवारी तो पास झाला. मान सुईने सुटली, पाल्याने सुटली की हसल्याने, देव जाणे. आणि माझे देव, तुम्हाला ठाऊकच आहे, ऊब खात बसले होते.

रविवारी आम्ही समुद्राच्या कडेकडेने निघालो. वारा असा की गाडीचं दार उघडवेना. मी आतच बसून विचारलं, "मी आवडते का रे तुला?"

तो माझ्याकडे वळला. अख्खा नाही. फक्त मान.

"फार," म्हणाला. "हिंग सोडून."

इथे किस्सा संपायला हवा होता. मी घरी येऊन आईला फोन लावला. म्हटलं, आता खरं काय ते सांगून टाकू. पण माझ्याआधी आईच बोलायला लागली. जोशीकाकूंचा गुडघा महिनाभर सुजलेला होता. त्यांनी देवघरातल्या पातळ तुपाचं ऐकून तिथून, चिंचवडहून आमच्या देवघराला नवस बोलला होता, आणि गुडघ्याची सूज उतरली! आता नवस फेडायला त्या नारळ पाठवतायत, खास आमच्या देवघरात वाहायला.

म्हणजे माझ्यामुळे जोशीकाकू आयर्लंडमधल्या एका गीझरला नवस बोलल्या आहेत. आणि तो पावलाय!

"ऐकतेयस ना गं?" आई म्हणाली. "काय सांगू काकूंना?"

मी ओंकारकडे बघितलं. तो तोंडात रुमाल कोंबून हसत होता.

"सांग," मी म्हटलं, "ग्रँड."